कुरव बुडी मारत नाही

लोहटवाडीच्या मच्छीमार सहकारी संस्थेचा सचिव चन्नप्पा शेटे याने जन्मात मासा खाल्ला नव्हता. अंडंसुद्धा नाही. नेकनूरच्या पेठेत वडलांचं किराणा दुकान, गळ्यात चांदीच्या डबीतलं लिंग, आणि श्रावणात घरात कांद्यालाही बंदी. असल्या माणसाचं नाव मासेमारी संस्थेच्या पाटीवर तैलरंगात कसं आलं, याचं उत्तर एकच होतं: अक्षर. वडील गेल्यावर दुकान थोरल्या भावाने सांभाळलं आणि धाकट्याच्या वाट्याला अक्षर आलं. तलावावरच्या भोई घरांकडे जाळी होती, तराफे होते, पाण्यात उतरायची छाती होती. पण बीडच्या कार्यालयाला अर्ज लिहायचा म्हटलं की सगळे एकमेकांच्या तोंडाकडे बघत. अध्यक्ष मोहनराव वजनदार माणूस, वरपर्यंत ओळखी. पण त्यांनी सकाळी लिहिलेलं त्यांनाच दुपारी वाचता येत नसे. तेव्हा चन्नप्पाला बोलावणं गेलं.

सचिवाचं एक काम असं की जाळं निघालं की काठावर उभं राहून वजन टिपायचं. चन्नप्पा काठावर उभा राही, पण काट्याकडे पाठ करून. वास सहन होत नसे आणि तडफडणारा मासा बघवत नसे. बंकट भोई मागून वजन ओरडायचा आणि चन्नप्पा न वळता लिहायचा.

"शेठ, वळून तर बघा की एकदा! कटला हसायलाय तुमच्याकडं."

"हसू दे. वजन सांग."

कधी कधी बंकट ओल्या माशाचं शेपूट हळूच त्याच्या कानाला लावी आणि सगळा काठ खिदळे. चन्नप्पा कान पुसून पुढचा आकडा मागे.

अशी सहा वर्षं. आता माणूस सहा वर्षं एकाच दिशेला तोंड करून उभा राहिला तर त्या दिशेला जे असेल ते त्याला दिसणारच. चन्नप्पाच्या समोर चिखल होता, आणि चिखलावर पक्षी होते.

सुरुवातीला त्याने त्यांना आपल्या मनाने नावं ठेवली. दोन पावलं पळून थांबणारा, इकडेतिकडे बघून परत दोन पावलं पळणारा तो 'पोस्टमन', पत्ता न सापडलेला. ढुंगण सारखं वरखाली करत चालणारा तो 'संचालक', कारण कुठल्याही ठरावाला मान डोलावणं हा त्याचा स्वभाव. लांब लाल पायांवर घोट्यापर्यंत पाण्यात उभा राहणारा तो 'उंच पायजमा'. पुढे बीडच्या कॉलेजातले एक प्राध्यापक पक्षी मोजायला आले, त्यांनी त्याला चित्रं छापलेला कागद दिला. तेव्हा त्याला कळलं की पोस्टमनला चिखल्या म्हणतात, संचालकाला तुतवार, आणि उंच पायजम्याला शेकाट्या. खरी नावं त्याने पाठ केली, पण मनातली गेली नाहीत. कपिलधारच्या यात्रेत त्याने खेळण्यातली प्लास्टिकची दुर्बीण घेतली होती. तिच्यातून दूरचं जवळ येत नसे, पण बाकीचं दिसायचं बंद होई, आणि त्याला तेवढं पुरे होतं.

"म्हशीसारखं चिखलात बसून काय सापडतं हो तुमाला?" बायको मल्लम्मा विचारी.

"अगं, ती कुठनं कुठनं येतात. हिमालयाच्या पल्याडनं."

"आन् तुमी नेकनूरहून सायकलवर जाता. दोघांनाबी घरी काम न्हाई."

दोन हजार अठरा साली पावसाने दगा दिला. एरवी दिवाळीत तलाव भिंतीला टेकलेला असायचा. त्या वर्षी पाणी दोन फर्लांग मागे सरलं आणि चिखल उघडा पडला. कडेला भेगाळलेला, मधे लोण्यासारखा. माणसांना ते बघून धडकी भरली, अर्धं गाव कोयते घेऊन ऊसतोडीला निघून गेलं. पक्ष्यांची मात्र सुगी झाली. सहा वर्षांत आले नव्हते एवढे उतरले. कुरवसुद्धा आले, पांढरे, गुबगुबीत, लाल चोचीच्या टोकाला काळा डाग असलेले. चन्नप्पाने त्यांचं नाव ठेवलं 'पाहुणे', कारण पान वाढून झाल्याशिवाय ते बसायचे नाहीत.

नोव्हेंबरच्या शेवटच्या मंगळवारी तलावात सोडायला पन्नास हजार बोटुकली आली. माशाची बोटाएवढी पिल्लं, म्हणून बोटुकली. प्लास्टिकच्या फुगवलेल्या पिशव्यांत थोडं पाणी, वर हवा, आणि त्यात ती. गाडीवाला साडेदहाला पिशव्या उतरवून म्हणाला, "आतली हवा मोजकीच असती. लगेच सोडा." आणि गेला.

पण लगेच कसं सोडणार? मोहनरावांनी तालुक्याचे एक पुढारी बोलावले होते. काठावर मांडव होता, नारळ होता, हार होते, मटण शिजत होतं. पिशव्या कशाही पडलेल्या फोटोत बऱ्या दिसणार नाहीत, म्हणून चन्नप्पाने त्या काठावर एका रांगेत मांडल्या. सरळ रेघेची त्याला आवडच होती. अकराला येणारे पुढारी बाराला आले नाहीत. एकला पिशव्यांना आतून घाम फुटला.

"मालक, सोडू का?" बंकटने विचारलं.

"सोडू का म्हंजी? मग पाहुण्यांनी हात कशाला लावायचा? थांब बे जरा."

दोनला बंकटने परत विचारलं. मोहनरावांनी या वेळी नुसतं बघितलं.

सव्वातीनला गाड्या आल्या. नारळ फुटला, पिशव्या पाण्यात ओतल्या गेल्या, टाळ्या झाल्या, फोटो झाले आणि सगळी मंडळी मांडवात मटणाला पळाली. चन्नप्पा पळाला नाही, कारण पळून करणार काय? तो भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी घेऊन काठावरच बसला. म्हणून पुढचं त्याला एकट्याला दिसलं.

जिवंत पिल्लू पाण्यात पडलं की धूम ठोकतं. ही पिल्लं ओतली तिथेच राहिली. मग एक पांढरं पोट वर आलं, मग दहा, मग त्या जागेवर पाणीच दिसेना. तेवढ्यात चार सुरय आले. पिवळी चोच, कात्रीसारखी शेपटी. मासा दिसला की वरून दगडासारखे पडणारे. चौघांनी त्या जागेवर घिरट्या घातल्या, माना वाकवून बघितलं, आणि न पडता जुन्या नदीपात्राच्या खोल पाण्याकडे निघून गेले. त्यांच्यामागून कुरव आले. कुरव बुडी मारत नाही. तो कागदी होडीसारखा पाण्यावर बसतो आणि तरंगतं ते उचलतो. शंभरेक कुरव आरामात बसले आणि उचलू लागले.

चन्नप्पाच्या हातातला घास हातातच राहिला. त्याला सगळं कळलं. आणि कळल्यावर त्याने काय केलं? हात धुतले, संस्थेत गेला, आणि सुरेख अक्षरात लिहिलं: 'मत्स्यबीज सोडण्याचा कार्यक्रम उत्साहात पार पडला.'

मांडवातल्या मंडळींनी मात्र हाडं चोखता चोखता तलावाकडे बघितलं होतं. "आरं, ती पांढरी पाखरं बघा! आपलं बीज खायलीत की!" गुन्हा त्याच वेळी दाखल झाला.

फेब्रुवारीत जाळी टाकली तेव्हा नुसतं शेवाळ आलं. चार दिवस टाकली, चारही दिवस तेच. मोहनराव काठावर उभे राहून म्हणाले, "पाखरांनी खाल्लं सगळं," आणि कोणी उलट विचारलं नाही. तलावाचा ठेका मोहनरावांच्या शब्दावर मिळाला होता, आणि पाखरांच्या शब्दाला विचारतो कोण? तोडगा भोयांनीच काढला. जुनी जाळी चिखलात बांबूंवर उभी ताणायची. पाण्यातला मासा सापडतो तसं हवेतलं पाखरू सापडेल.

पहिली रांग लागली त्याच्या दुसऱ्या सकाळी चन्नप्पा सायकलवरून उतरला तर जाळ्याला सात पक्षी लोंबकळत होते. त्याने गुडघाभर चिखलात उतरून पाच सोडवले. दोन सोडवण्यापलीकडे गेले होते.

बंकट काठावरून बघत होता. "शेठ, माझ्या जाळ्याला हात लावू नका."

"बंकट, ही मासे खात न्हाईत रे."

"कावून न्हाई? माझ्या डोळ्यानं बघितलंय म्या. माझ्या घरात पाच तोंडं हायत. मासा न्हाई तर उद्या मला कोयता घेऊन जायाचंय, बायको-लेकरं ट्रॅक्टरवर टाकून. पाखरं माझं खाऊन हितं खुशाल राहणार आन् मी जाणार व्हय?"

यावर चन्नप्पाकडे उत्तर होतं. नोव्हेंबरपासून होतं. पण ते देताना आपण मांडलेली ती पिशव्यांची रांग मधे येई, म्हणून तो चिखलाच्या पायांनीच सायकलवर बसला.

रविवारी सभा होती. विषय पहिला आणि शेवटचा: सगळ्या चिखलाला चहूबाजूंनी उभी जाळी लावणे. हा ठराव झाला असता तर मार्चपर्यंत चिखलावर एक पाय उरला नसता. आदल्या संध्याकाळी चन्नप्पा मल्लम्माला म्हणाला, "हा ठराव मी माझ्या हातानं लिहिणार न्हाई."

"मग काय पायानं लिहिणार?"

"लिहूच देणार न्हाई."

मल्लम्माने नवऱ्याकडे नीट बघितलं. बावीस वर्षांच्या संसारात त्याने एवढ्या ठामपणे फक्त भाजीत मीठ कमी असल्याचं सांगितलं होतं. "नोकरी जाईल," ती म्हणाली.

"जाईल."

"बरं," म्हणून तिने भाकरी तव्यावर टाकली.

संस्थेचं कार्यालय म्हणजे तलावाच्या भिंतीजवळची पत्र्याची एक खोली. एकोणतीस सभासद आत-बाहेर बसले. मोहनरावांनी विषय वाचला आणि माना डोलू लागल्या. चन्नप्पाला क्षणभर तुतवार आठवले. तो उभा राहिला.

"माझं एक म्हणणं हाय. चिखलातली पाखरं मासे खात न्हाईत. किडे खातात, गोगलगायी खातात."

"तुमी मासा खात न्हाई म्हणून पाखरंबी खात न्हाईत का?" मोहनराव म्हणाले. खोली हसली.

"खोटं वाटत असंल तर पोट फाडून बघा की," मागून छबुबाई म्हणाली. छबुबाई बाजारात मासे विकायची. तिच्या जिभेला अख्खा नेकनूर बाजार भिऊन असे. सकाळीच जाळ्यात मेलेला एक शेकाट्या बाहेर पडला होता. तो तिने पायाला धरून आणला आणि टेबलावर ठेवला, शेजारी आपली विळी. "उगी तोंडाची वाफ कशाला दवडायची?"

"फाडा ना," मोहनराव खुर्चीत रेलले. "पण सचिवांनी फाडावं. त्यांची पाखरं हायत. एक मासा निघाला तर राजीनामा आन् ठराव, दोनी आत्ताच."

आता कोणी हसलं नाही. चन्नप्पा काय आहे ते सगळ्यांना माहीत होतं. बंकटनेसुद्धा मान खाली घातली.

चन्नप्पाला भीती पक्षी कापायची तर होतीच, पण दुसरीही होती. जानेवारीत एकदा त्याने एका शेकाट्याला उथळ पाण्यातून काहीतरी चंदेरी उचलताना बघितलं होतं. तो किडा होता का पिल्लू, ते त्या खेळण्यातल्या दुर्बिणीला सांगता आलं नव्हतं. नेमका तोच हा असला तर?

लिंग अंगावरून उतरवायचं नसतं. त्याने सदऱ्याच्या आत हात घालून दोरा फिरवला आणि डबी पाठीवर सोडली. मग विळी आणि पक्षी जमिनीवर घेतले आणि विळीपुढे मांडी घातली. पक्षी हलका होता, पावशेर शेंगदाण्याच्या पुडीएवढा. त्याने तो पात्यावर सरळ ओढला. इथेही रेघ सरळच आली. छबुबाईने पोटाची पिशवी कुठली ते बोटाने दाखवलं. त्याने ती उघडून शेजारी अंथरलेल्या जुन्या वर्तमानपत्रावर पालथी केली.

बारीक खडे निघाले. नखाएवढे शंख निघाले, पाचसात. काळ्या किड्यांचे पंख, आणि लाल दोऱ्यासारखे किडे. छबुबाईने काडीने सगळं चिवडलं, शंखसुद्धा फोडून बघितले.

"मासा न्हाई," ती म्हणाली. "खवलाबी न्हाई."

"हा एक झाला," मोहनराव जागचे न हलता म्हणाले. "आन् त्या पांढऱ्यांचं काय? ती तर अख्ख्या गावानं बघितली बीज खाताना. का सगळ्या गावाचे डोळे गेलते?"

"न्हाई. ती खातच होती."

चन्नप्पा अजून विळीपुढेच बसला होता. कोणाच्या डोळ्यांकडे बघावं लागू नये म्हणून तो उठला नाही, बसूनच बोलला.

"त्यांनी मासे खाल्ले. मेलेले. कुरव बुडी मारत न्हाई, वर तरंगतं तेच उचलतो. आन् खरा मासेखाऊ सुरय, तो खातो, ते मी नाकारत न्हाई. तुमच्या तलावातला रोज खातो. पण तो जित्या माशावरच पडतो. त्या दिवशी चार सुरय आले, बघून निघून गेले. तुमी सगळे मांडवात होता. मी काठावर होतो. पिशवीतनं निघाली तवाच ती मेलेली होती. साडेदहापासनं सव्वातीनपर्यंत उन्हात. पिशव्या रांगेत मी मांडल्या. फोटो बरा यावा म्हणून. आन् बघून, हात धुऊन, 'उत्साहात पार पडला' असं लिहिलंबी मीच."

रेललेले मोहनराव खुर्चीत सरळ बसले.

"म्हंजी मी मारली व्हय रे?" मोहनराव हळूच म्हणाले.

"थांबवली तुमी. मांडली मी. बंकटनं दोनदा विचारलं, ते खरं."

बंकटने मान वर केली. आपण दोनदा विचारलं होतं, हे तीन महिन्यांत पहिल्यांदाच कोणी बोलून दाखवलं होतं. त्याने आपल्या हातांकडे बघितलं, मग दाराबाहेर, जिथून चिखलातले बांबू दिसत होते, तिकडे. तो उठला आणि बाहेर गेला.

"पुरं झालं," मोहनराव म्हणाले. "लिही चन्नप्पा. पक्ष्यांमुळे बीजाचं नुकसान झालं असल्याने—"

चन्नप्पाने हात पुढे केले. ते तसेच भरलेले होते. खोलीत एकच घागर होती आणि ती चहाची होती. दुष्काळात पाणी कोण कोणाला देतो? छबुबाईने आपल्या पिशवीतली प्यायच्या पाण्याची बाटली काढली आणि सगळी त्याच्या हातांवर ओतली. त्याने हात सदऱ्याला पुसले, वही उघडली, आणि लिहिता लिहिता मोठ्याने वाचलं:

"सत्तावीस नोव्हेंबर रोजी आणलेले बीज पिशव्यांत चार तासांवर उन्हात राहिल्याने दगावले. पिशव्या मांडणारा इसम सचिव चन्नप्पा शेटे. थांबवणारे अध्यक्ष. पक्ष्यांचा दोष नाही. उभी जाळी काढून घ्यावी. पुढील बीज आल्याबरोबर सोडावे, पाहुणे असोत वा नसोत."

मोहनरावांनी खांद्यावरचा टॉवेल झटकला. "माझ्या सहीबिगर त्या कागदाला काय किंमत हाय? आन् तुझा हा शेवटचा महिना, ध्यानात ठेव." खुर्ची मागे सरकली आणि ते गेले. त्यांच्यामागे चारजण गेले. आणखी दोघे उठले, दारापर्यंत गेले, आणि बाहेर ऊन फार आहे असं दिसल्यावर परत बसले.

"आप्पा," छबुबाईने विचारलं, "आमच्या सह्या चालतात का न्हाई?"

"चालतात. अध्यक्ष सभा सोडून गेले तर हजर असलेल्यांनी त्या सभेपुरता आपल्यातला एक निवडायचा. नियमात हाय."

"मग माझं नाव टाक. मला कोणाचं भ्या हाय?"

नाव टाकलं गेलं. छबुबाई मोहनरावांच्या खुर्चीत बसली नाही. ती उभ्यानेच वाकली आणि बचत गटात शिकलेली सही एकेक अक्षर कोरत केली. तिला वेळ लागला, पण तेवढा वेळ सगळे थांबले. मग एकामागून एक उठले. कोणी सही केली, कोणी आंगठा दिला. एकजण म्हणाला, "मोहनराव ठेका घालवतील," आणि म्हणत म्हणत त्यानेही सही केली.

चन्नप्पाने सह्या मोजल्या. तेवीस. एक कमी होती. तो वही काखेत घेऊन बाहेर आला.

बंकट मांड्यांपर्यंत चिखलात होता. पहिल्या रांगेतले चार बांबू उपटून काठावर पडले होते, पाचवा तो हलवत होता. जाळं गुंडाळून त्याने खांद्यावर टाकलं होतं. पलीकडे चिखल्या पळत होते, थांबत होते.

"बंकट, सही राहिली."

"हात चिखलाचे हायत."

"धू."

"कशानं धुऊ? पाणी हाय का तितं तरी?" बंकट बांबू सोडून काठाशी आला. "म्या दोनदा विचारलंतं, ते लिवलंय का?"

चन्नप्पाने वही उघडून बघितलं. ते लिहायचं राहिलं होतं. त्याने खिशातून पेन काढलं, वही गुडघ्यावर टेकवली आणि ठरावाच्या खाली एक ओळ वाढवली. चिखलात उभं राहून लिहिल्यामुळे ती वाकडी आली. त्याने ती खोडली नाही.

"वाच," बंकट म्हणाला.

"'बंकट भोई यांनी बीज सोडण्याबद्दल दोन वेळा विचारणा केली होती.'"

बंकटने चिखलाचा आंगठा त्या ओळीवरच दाबला आणि पाचव्या बांबूकडे वळला. चन्नप्पाने वही सायकलच्या सीटवर ठेवली, धोतर वर खोचलं आणि सहाव्याला हात घातला.